किती मोठे म्हणजे बेताचे?

१९१८ साली सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. मुंबई इलाख्याचे शेतीखाते आणि बडोदे संस्थान या दोघांनाही तेव्हा एकच काळजी होती. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडतात आणि तुकडा लहान म्हणून शेती आतबट्ट्याची होते. तेव्हा कायदा करून तुकडे जोडावेत, शेते मोठी करावीत. आंबेडकरांनी या युक्तिवादाच्या मुळालाच हात घातला. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या एकरांवर किती बैल, किती नांगर, किती भांडवल, किती माणसे, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे पाहा. बैलजोडी नसलेल्याला जमीन वाढवून दिली तर त्याचा तोटाच वाढेल. शेतकऱ्याजवळची अवजारे आणि जनावरे मोजली तर आहेत ती शेतेसुद्धा मोठीच म्हणावी लागतील, इथपर्यंत त्यांनी तो तर्क नेला. उपाय सुचवला तो शेताबाहेरचा: उद्योग वाढवा आणि शेतीवर साचलेली जादा माणसे तिकडे न्या.

आकाराविषयीचे आपले बहुतेक वाद अजून या निबंधाच्या अलीकडेच घोटाळत असतात. ई. एफ. शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्युटिफुल' १९७३ मध्ये आले आणि लहानाची बाजू घेणाऱ्यांना हक्काचे बोधवाक्य मिळाले. पलीकडे दोन बँका, दोन शाळा, दोन खाती एकत्र केली की खर्च वाचतो असे मानणारे प्रशासक आहेत, आणि त्यांच्याकडे आकडे असतात. दोघांच्या झोळीत खरी उदाहरणे आहेत, म्हणून वाद मिटत नाही. शेत, कारखाना, फौज, दवाखाना, शाळा आणि महापालिका असा फेरफटका मारला की माझ्या मते एक गोष्ट सारखी दिसत राहते. जे काम टिकते त्यात सगळे मोठे किंवा सगळे लहान असे क्वचितच असते. त्याचे एक अंग मुद्दाम मोठे ठेवलेले असते आणि दुसरे मुद्दाम लहान.

निसर्गात हा हिशेब सक्तीचा आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो मांडला. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्याच्या हाडाचा छेद चौपट होतो, वजन मात्र आठपट. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार दुप्पट. म्हणून हरिण फुगवून हत्ती होत नाही. हत्तीचे पाय जाडच असावे लागतात. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये योग्य आकारावर एक छोटा निबंध लिहिला, त्यात हेच तत्त्व खाणीत पडणाऱ्या प्राण्यांवरून समजावले आहे. उंदीर खोल विवरात पडला तरी अंग झटकून चालू लागतो, माणसाची हाडे मोडतात, घोड्याचे काही उरत नाही. १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यांनी दुसरी बाजू मोजली: दहा हजारपट जड प्राण्याला ऊर्जा सुमारे हजारपटच लागते. किलोमागे पोसायला हत्ती स्वस्त आणि इवलीशी चिचुंद्री भयंकर महाग. तिला दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके खावे लागते. पण हत्तिणीला एका पिलासाठी बावीस महिने लागतात. काटकसर मोठ्याकडे, चपळाई लहानाकडे.

पृष्ठभाग आणि घनफळ यांचे हे भांडण आपल्या शिवारातही चालू असते. पाण्याची वाफ वरच्या पृष्ठभागावरून होते आणि साठा खोलीवर ठरतो. म्हणून उथळ, पसरट शेततळे आपल्या साठ्याच्या मानाने खोल धरणापेक्षा अधिक पाणी उडवते. पवनचक्कीत हिशेब उलटा, मोठ्याच्या फायद्याचा: पाते दुप्पट लांब केले की वारा पकडणारे क्षेत्र चौपट होते. त्यामुळे नवी यंत्रे जुन्यांहून मोठीच होत चालली आहेत आणि तिथे लहानाचे कौतुक करून काही हाती लागणार नाही. कोयनेची वीजही लहान बंधाऱ्यांची बेरीज करून मिळाली नसती; तिला एकाच जागी उंचावर धरलेले शंभर टीएमसी पाणी लागते.

शेतीत मात्र प्रकरण गुंतागुंतीचे आहे. १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी 'इकॉनॉमिक वीकली'त एका विसंगतीकडे लक्ष वेधले: सरकारी शेती-पाहण्यांनुसार शेत जितके लहान तितके एकरी उत्पन्न जास्त दिसत होते. कारण समजण्यासारखे आहे. मोठा शेतकरी मजूर लावतो आणि मजुरीपेक्षा पिकाची वाढ कमी दिसली की थांबतो. लहान शेतकऱ्याच्या घरची माणसे थांबत नाहीत. खुरपणी चौथ्यांदा होते, बांधावर तूर लागते, दारची म्हैस शेणखत देते. कुणी वेगळा देखरेख्या नेमावा लागत नाही. पुढच्या काळात ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर आणि विकतचे बियाणे आले तसतसे हे नाते बऱ्याच ठिकाणी सैल झाले, कारण आता पिकाला नुसत्या हातांपेक्षा भांडवलाची गरज अधिक पडू लागली.

शिवाय एकरी उत्पन्न जास्त असले तरी एकर किती, हा प्रश्न उरतोच. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरीही ही घसरण झाली. सातबाऱ्यावर नावे वाढत गेली, विहिरीतले हिस्से पडले, पाण्याच्या पाळ्या ठरल्या आणि कायद्याला दिसणार नाहीत अशा वाटण्या भावाभावांनी बांध घालून केल्या. २०२५ मध्ये शासनाने शहरी होत चाललेल्या भागांपुरती या कायद्याला ढील दिली, म्हणजे तिथला पराभव कागदावर मान्य केला. आंबेडकरांचे निदान इथे पुन्हा आठवते: तुकडे जोडण्याचा कायदा आधी आला, शेतीबाहेरची कामे मात्र तेवढ्या वेगाने आली नाहीत.

उसाच्या फडात आकाराचे दोन हिशेब एकमेकांशी भांडताना दिसतात. बीडकडची ऊसतोड जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत 'कोयता' म्हणतात, कुठल्याही वेड्यावाकड्या तुकड्यात काम करू शकतात. तोडणी यंत्राला लांब सरी, रुंद पट्टा आणि वळायला मोकळी जागा लागते. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते यंत्र कापण्यापेक्षा वळण्यातच वेळ घालवते. म्हणून मजूर मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या गावातही यंत्र सहज शिरत नाही. बांध न मोडता शेजारच्या चार-पाच जणांनी एकाच दिशेने सऱ्या पाडून एकाच वेळी लागण केली तर ते शिरते. मालकी लहान, मशागत मोठी. हे बोलायला सोपे आहे. चार भावकींना एका तारखेला लागण करायला लावणे किती अवघड हे गावात राहिलेल्याला सांगायला नको.

साखर कारखान्याचा स्वतःचा इतिहास तर आकाराच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा त्याची गाळप क्षमता दिवसाला काहीशे टनांची होती. पुढे १२५० टन, मग २५०० टन ही किमान किफायतशीर क्षमता मानली गेली. आज पाच हजार, दहा हजार टनांचे कारखाने विशेष राहिलेले नाहीत. मोठे होण्याला सबळ कारणे होती. बॉयलर मोठा असला की टनामागे बगॅस कमी जळतो, उरलेल्या बगॅसवर सहवीजनिर्मिती होते, मळीवर आसवनी चालते, इथेनॉल निघते. लहान कारखान्याला यातले काहीच परवडत नाही.

पण उसाला घड्याळ आहे. तोडल्यानंतर तो जितका पडून राहील तितकी त्यातली साखर उतरते, वजन घटते. तो एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडावा अशी धडपड असते. त्यामुळे गाडी, ट्रॅक्टर, ट्रक किती लांबून येऊ शकतात यावर कारखान्याचे शिवार ठरते. दोन कारखान्यांत हवाई अंतर किती असावे याचा नियम म्हणूनच आहे आणि त्यावरून राजकारणही. यंत्रे वाढवता आली, शिवार वाढवता आले नाही. मग एकाच पट्ट्यातले चार कारखाने क्षमता वाढवून त्याच उसामागे धावू लागले. उसाचे पीक अमाप आले त्या २०२१-२२ च्या हंगामात गाळप जूनपर्यंत रेंगाळले आणि शेतकरी फडाकडे बघत बसला. २०२४-२५ मध्ये ऊस कमी पडला, तर बहुतेक कारखान्यांनी शंभर दिवसही पाहिले नाहीत. उरलेले आठ-नऊ महिने ती अवाढव्य यंत्रे, त्यांच्यावरचे कर्ज आणि कायम कामगार बसून. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण जणू या रिकाम्या गाळप क्षमतेसाठीच घडवली असावी.

याच्या अगदी उलट रचना मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये उभी राहिली. सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आज 'लिज्जत'च्या भगिनींची संख्या ४५ हजारांच्या आसपास आहे. इतका पसारा वाढला तरी पापड कुठे लाटला जातो? घरी, पोळपाटावर. उडदाची डाळ, हिंग, मिरी यांची खरेदी मोठ्या प्रमाणात आणि एकत्र होते, पीठ शाखेत भिजवले जाते, म्हणजे चव सगळीकडे एक राहते. भगिनी पिठाचा गोळा घरी नेते, लाटते, वाळवते आणि पापड परत आणून देते. तिथे तपासणी होऊन मजुरी मिळते. जाहिरात, नाव, निर्यात हे सगळे मोठे. लाटणे लहान. लाटण्यासाठी मोठी शेड बांधली असती तर भाडे वाढले असते आणि दुपारी मुले शाळेतून यायच्या वेळी घरी असायला हवे म्हणून कारखान्यात न जाणारी बाई संस्थेला मिळालीच नसती. कुठले काम एकत्र करायचे आणि कुठले पांगवायचे, हा निर्णय इतका अचूक क्वचितच कुणाचा जमला असेल.

डबेवाल्यांकडेही हीच विद्या आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा धंदा कोविडपूर्वी सुमारे पाच हजार माणसांचा आणि रोजच्या दीड-दोन लाख डब्यांचा होता. बाहेरून पाहणाऱ्यांना त्यांची एक प्रचंड यंत्रणा दिसते. प्रत्यक्षात मुकादमाच्या हाताखाली वीस-पंचवीस जणांच्या टोळ्या आहेत. टोळीचा हिशेब टोळीपुरता, कमाईची वाटणी टोळीतच, नवा माणूस घ्यायचा तोही टोळीनेच, आणि तो बहुधा मावळ-मुळशी-जुन्नर-खेड पट्ट्यातला, कुणाच्या तरी ओळखीचा. पाच हजारांत मोठे काय आहे? झाकणावरची खूण सगळ्यांना एकच वाचता येते, आणि लोकल सगळ्यांची एकच आहे. दादरला डबे बदलायला मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटात वरिष्ठांना विचारायला वेळ नसतो. विचारायची गरज पडू नये असे टोळीचे माप आहे.

टोळी वाढली की काय होते, ते मॅक्स रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोर ओढायला लावून मोजले होते. निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. माणसे वाढतील तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला, आणि आठ जणांत प्रत्येकजण एकट्याने लावला असता त्याच्या निम्माच जोर लावत होता. थोडा दोष एकदम न ओढण्याचा, थोडा 'दुसरे ओढतायत ना' या समजुतीचा. रस्सीखेचीत दोराच्या शेवटी उभे राहिलेल्यांना हे प्रयोगाशिवायही माहीत असते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सांगितले की रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो. पाच जणांत आपापसातल्या जोड्या दहा होतात, दहा जणांत ४५, पन्नास जणांत १२२५. पुण्या-हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत सोमवारच्या बैठकांची यादी पाहिली की या बाराशे पंचवीस जोड्या कुठे राहतात ते कळते.

मराठ्यांच्या युद्धेतिहासात या प्रश्नाचे दोन टोकाचे नमुने आहेत आणि दोघांत अंतर अवघे तेहतीस वर्षांचे. १७२८ च्या पालखेड मोहिमेत बाजीरावांनी तोफखाना, तंबू, बुणगे काही जवळ ठेवले नाही. घोडेस्वार शिवारातले दाणे-वैरण घेत पळत होते आणि निजामाचे जड सैन्य तोफा ओढत मागे. शेवटी पाण्यावाचून कोंडलेल्या निजामाला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर नेमके उलटे झाले. लढणाऱ्यांच्या मागे यात्रेकरू, बायकामुले, व्यापारी, सेवेकरी असा भलामोठा लोंढा होता. अब्दालीने रसद तोडली आणि उपाशी छावणीला बाहेर पडून लढण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

इथे 'लहान फौज चांगली, मोठी वाईट' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो चुकीचा आहे. पानिपताच्या आदल्याच वर्षी उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ यांनीच निजामाला नमवले होते. गनिमी काव्याने किल्ला राखता येतो, मुलूख लुटता येतो; दिल्लीवर हुकमत ठेवायला जड फौज हवी हे सदाशिवरावभाऊंना कळत होते. पण पानिपतावर घोडदळाची सवय एक, गारद्यांची शिस्त दुसरी, आणि दोघांच्या पोटाला लागणारी रसद घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर. उदगीरला हा जड सरंजाम घराजवळ होता.

वैद्यकात मोठ्याची बाजू सगळ्यांत भक्कम आहे, निदान शस्त्रक्रियेत. हॅरल्ड लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या काही मोठ्या शस्त्रक्रिया वर्षाला दोनशेहून अधिक करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी निघाले. हात बसतो, परिचारिकेला पुढचे पाऊल आधी कळते, रात्री दोनला गुंतागुंत झाली तरी कुणीतरी ती आधी पाहिलेली असते. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने या तत्त्वाचे टोक गाठले: शेजारी शेजारी टेबले, एका डोळ्याचे काम संपले की शल्यविशारद लगेच पुढच्या टेबलाकडे, तयारी सगळी प्रशिक्षित मुलींच्या हाती. भिंग बाहेरून महाग पडते म्हणून १९९२ पासून ते स्वतःच बनवू लागले. तेवढ्या शस्त्रक्रिया नसत्या तर भिंगांचा कारखाना परवडला नसता. पण त्याच अरविंदने गावोगावी छोटी दृष्टिकेंद्रे काढली, कारण चष्म्याचा नंबर काढायला म्हातारा माणूस मदुराईपर्यंत येत नाही.

नवजात बाळ तर शहरापर्यंत पोहोचतच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातलीच एकेक बाई निवडून तिला बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. बाळंतघर धुराने भरलेले, बाळ पहिले काही दिवस त्या खोलीबाहेर पडत नाही, तेव्हा दवाखान्याने तेवढेच लहान होऊन खोलीत शिरायचे. पुढे हे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे गेले. विस्तार झाला तो एका गावाला एक बाई हे माप न मोडता. ते मोडले असते तर उरले असते फक्त नाव.

माप मोडल्यावर काय होते याचे उदाहरण पाण्याच्या क्षेत्रात आहे. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या काळात चराई, कुऱ्हाड आणि बोअरवेल यांच्यावर गावाने स्वतः बंधने घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. पाणलोटाची हद्द आणि निर्णय घेणाऱ्यांची हद्द जवळपास एकच होती. चर खोदणे त्यातले सोपे काम. राज्याने पुढे हजारो गावांत जलयुक्त शिवार नेले तेव्हा खोदकाम नेता आले, बोअरवर स्वतःहून घातलेली बंदी नेता आली नाही. २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्चानंतरही भूजलावर फारसा परिणाम नसल्याचे नोंदवले. योजनेचे समर्थक तो निष्कर्ष मानत नाहीत, आणि काही गावांत फरक पडला हे नाकारण्याचे कारणही नाही. पण जेसीबी आधी पोहोचले आणि ताळेबंद मागे राहिला, ही तक्रार खरी वाटते.

लहान पतसंस्थांचे बळही असेच ओळखीत असते. कर्ज मागणाऱ्याची विहीर आटली आहे की नाही हे गावच्या संचालकाला फॉर्म न वाचता कळते. मात्र दुष्काळ पडला की सगळे कर्जदार एकाच वर्षी थकतात, आणि संचालकाचा मेहुणाही ओळखीचाच असतो. एका तालुक्याचा धोका वाटून घ्यायला जिल्ह्याएवढी किंवा त्याहून मोठी संस्था लागतेच.

शाळेचा प्रश्न सध्या तापलेला आहे. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळा होत्या, आणि त्यांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचा विचार शासनाने तेव्हा पुढे आणला. शासनाचा मुद्दा पोकळ नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एक माहिती भरण्यात आणि दुसरा चार वर्ग एकत्र सांभाळण्यात गुंतलेला असतो. आठ मुलांत कबड्डीचे दोन संघही होत नाहीत. पण अंतर वाढले की आधी मुलींची नावे पटावरून गळतात, म्हणून शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे धरले गेले. ओढ्याला पूर आला की बसचा मार्ग बंद, आणि बस म्हणजे दरवर्षीची निविदा. वर्ग लहान असण्याचा फायदा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या प्रयोगात दिसला: तेरा ते सतरा मुलांच्या वर्गातली मुले बावीस ते पंचवीस मुलांच्या वर्गातल्या मुलांपेक्षा पुढे राहिली. लहान वर्ग आणि लहान शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या चर्चेत त्या सर्रास एक होतात.

लहान शाळांविषयी एक सांख्यिकी सापळाही आहे. दहावीचा निकाल लागला की शंभर टक्के निकालाच्या शाळांच्या याद्या छापून येतात. ज्या शाळेत परीक्षेला आठच मुले बसली तिचा निकाल शंभर टक्के लागणे सोपे. चारशे मुलांच्या शाळेत कुणीतरी नापास होतेच. पण त्याच आठ मुलांच्या शाळेचा निकाल एकदम तळाला जाणेही सोपे. म्हणजे उत्तम आणि अधम अशा दोन्ही याद्यांत लहान शाळांचीच गर्दी होणार, शिकवणे कसेही असो. गेट्स फाउंडेशनने अमेरिकेत मोठ्या शाळा मोडून लहान करण्यासाठी प्रचंड पैसा ओतला आणि काही वर्षांनी हात आखडता घेतला. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये दाखवले की उत्तम शाळांच्या यादीत लहान शाळा अधिक दिसतात म्हणून भुललेल्यांनी तळाची यादी पाहिली नव्हती. सर्वांत यशस्वी गाव, सर्वांत यशस्वी पतसंस्था, सर्वांत कमी रोगांचा तालुका, अशा प्रत्येक यादीला हीच शंका लावून बघावी.

राहिला कारभार. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली तेव्हा पुन्हा मेळाचाच मुद्दा काढला: उत्तर प्रदेशाचे तीन तुकडे करा, बिहार आणि मध्य प्रदेशाचे दोन-दोन, आणि मराठी मुलखाचीही मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी चार राज्ये करा. राज्य फार मोठे झाले की कारभार दूर जातो आणि मोठे राज्य बाकीच्यांवर वजन टाकते, ही त्यांची भीती. संयुक्त महाराष्ट्राच्या भरात ही सूचना कुणी मनावर घेतली नाही. बिहार आणि मध्य प्रदेश २००० मध्ये दुभंगले, उत्तर प्रदेशातून उत्तराखंड निघाले, आणि विदर्भाचा प्रश्न दर निवडणुकीत डोके वर काढतो. नवी छोटी राज्ये मात्र सगळी सारखी निघाली नाहीत. छत्तीसगडने रेशन व्यवस्थेत नाव कमावले, झारखंडात सरकारेच टिकेनात. लहान राज्य म्हणजे लवकर विकत घेता येणारे बहुमतही असते.

कारभार सर्वांत लहान मापात कसा दिसतो ते पाहायचे तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). पाचशेच्या आसपास वस्तीचे हे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबू विकून आलेला पैसा ग्रामसभेच्या हाती आला. निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. पाचशे लोकांत हे जमते. पाच हजारांत पहिल्याच विषयाला वर्ष लागेल. वनहक्क कायदा आणि त्यामागे दिल्लीतले सरकार नसते तर मात्र त्या एकमताला बांबूची एक काठीही विकता आली नसती.

आणि दुसऱ्या टोकाला मुंबई. शहर मोठे होते तशी दरडोई रस्त्यांची आणि तारांची लांबी कमी लागते आणि दरडोई उत्पन्न वाढते, असे लुइस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगभरच्या शहरांच्या आकड्यांवरून मांडले. मुंबईला पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून आणावे लागते, लोकल चालवाव्या लागतात. ते काम मोठ्यानेच करायचे. पण तुंबलेल्या गटाराचे माप वेगळे असते. २०११ च्या जनगणनेत मालाडच्या पी उत्तर विभागाची वस्ती नऊ लाख एकेचाळीस हजार होती, सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याची साडेआठ लाख. सिंधुदुर्गाला जिल्हा परिषद आहे, आठ पंचायत समित्या आहेत, चारशेहून अधिक ग्रामपंचायती आणि तितक्याच ग्रामसभा आहेत. मालाडला एक वॉर्ड ऑफिस होते आणि काही नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुढची तीनहून अधिक वर्षे तर नगरसेवकही नव्हते.